डावीकडचे रकाने

शनिवारी सकाळी अक्का ऑनलाइन तास घेत होती. ती जळगावला होती, मी धुळ्याला. तासाला अठ्ठेचाळीस मुलं होती. नऊ वाजून वीस मिनिटांनी तिने नकाशा उघडला. तापीचं नाव घेतलं. गिरणेचं घेतलं. मग ती बोलायची थांबली.

एका मुलाने लिहिलं, ‘मॅडम, आवाज येत नाही.’ दुसऱ्याने लिहिलं, ‘मॅडम, तुमची रेंज गेली.’ तिसऱ्याने सल्ला दिला, ‘बाहेर पडून परत आत या मॅडम.’ टाळेबंदीपासून मुलांना या सगळ्याची इतकी सवय झाली होती की शिक्षक बोलता बोलता थिजले तरी कोणी दचकत नसे. मीही दचकलो नाही. मी लिहिलं, ‘पाच मिनिटं थांबा, मॅडम येतील.’ ते वाक्य त्या तासाच्या नोंदीत माझ्या नावासमोर अजून आहे.

स्क्रीनवर अक्काचा चेहरा एका जागी होता. तोंड थोडं उघडं होतं. तिच्यामागे खिडकी होती आणि खिडकीचा पडदा वाऱ्याने फुगत होता, पुन्हा गजांना चिकटत होता. मी तो पडदा बराच वेळ पाहिला. चित्र थिजलं असेल तर पडदा हलणार नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात यायला वेळ लागला.

मी दाजींना फोन केला. ते गच्चीवर कपडे वाळत घालत होते. “आतल्या खोलीत जा,” मी म्हणालो. “का रे, काय झालं?” असं विचारतच ते जिना उतरले. थोड्याच वेळात ते मला स्क्रीनवर दिसले, खांद्यावर ओला टॉवेल तसाच. त्यांनी अक्काला हाक मारली. ती खुर्चीतून डाव्या बाजूला कलली. हे अठ्ठेचाळीस मुलांनी पाहिलं, कारण तास बंद करायचा अधिकार फक्त घेणाऱ्याकडे असतो आणि तो माझ्याकडे नव्हता. शेवटी दाजींचा हात पुढे आला आणि लॅपटॉप मिटला.

अक्का माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. आमचे वडील एसटीत वाहक होते. घरात पहिली पदवी तिची. मला अक्षरं तिने शिकवली, पुढे कोणती पुस्तकं वाचायची तेही तिनेच सांगितलं, आणि मी ग्रंथपाल व्हावं हेही तिनेच ठरवलं. वडिलांकडे काही विचारायला गेलो की ते म्हणत, “अक्काला विचारलं का?” तिने हो म्हटलं असेल तर त्यांचं हो असायचंच. तिचं चुकतं, असं आमच्या घरात कोणी कधी म्हटल्याचं मला आठवत नाही. ती फार चुकतही नसे.

ती जळगावच्या एका कॉलेजात भूगोल शिकवायची. मी धुळ्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात. टाळेबंदी उठल्यावर सगळ्यांनी ऑनलाइन तास बंद केले, पण तिने शनिवारचा एक तास चालू ठेवला. तिच्या कॉलेजची आणि माझ्या कॉलेजची मुलं त्याला एकत्र यायची. कोणी मुक्ताईनगरहून, कोणी सावद्याहून, कोणी साक्रीच्या पलीकडच्या पाड्यांवरून. या मुलांकडून तिने एक काम काढलं. प्रत्येकाने आपल्या गावातल्या जुन्या विहिरींची माहिती जमवायची. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचं, वहीत लिहायचं आणि वहीच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकायचा. त्या फोटोंवरून अक्का, आणि थोड्या मीही, एका तक्त्यात नोंदी करायचो. तक्ता आम्हा दोघांचा होता, ऑनलाइन. ती जळगावात एक अक्षर टाइप करायची आणि ते धुळ्यात माझ्यासमोर उमटायचं. टाइप करताना तिचा रंग हिरवा दिसायचा, माझा जांभळा; मग सगळं एकाच काळ्या अक्षरात.

तक्त्यात आठ रकाने होते. आधी गाव, मग विहिरीचं नाव, मग ती कोणी बांधली. चौथा रकाना अक्काने हट्टाने घातला होता: या विहिरीवर कोणाला पाणी भरू देत नसत. पुढे खोली, पाण्याची चव, पाणी कोणत्या महिन्यात आटतं आणि माहिती सांगणाऱ्याचं नाव. चौथ्या रकान्याचं उत्तर द्यायला मुलं कचरायची. एकाने लिहिलं होतं, ‘तसं काही नव्हतं.’ अक्का त्याला तासात म्हणाली, “तुझ्या आजोबांना विचारलंस, आता गावाबाहेरच्या वस्तीतल्या आजोबांना विचार.” पुढच्या आठवड्यात त्याने दुसरं पान पाठवलं. आमच्या आजीला गावच्या विहिरीवर घागर भरता येत नसे, कोणी वरून ओतेपर्यंत ती बाजूला उभी राहायची. हे अक्काने मुलांना कधी सांगितलं नाही. रकाना मात्र घातला.

आमचा एक नियम ठरला होता. एकाने केलेल्या नोंदीत दुसऱ्याने हात घालायचा नाही. चूक दिसली तर शेजारी खूण करायची आणि टीप लिहायची. ज्याची नोंद त्याने सुधारायची. नियम अक्कानेच केला होता. माझ्या नोंदींशेजारी तिच्या टिपा सारख्या असायच्या. ‘आधार काय?’ ‘पाच परस खोल म्हणजे किती फूट, ते विचार.’ ‘हे तुझं वाक्य आहे, म्हातारीचं नाही. तिचं लिही.’ म्हातारीचं वाक्य तिला जसंच्या तसं हवं असायचं. ‘हाई विहीर आमना आजानी शे, बठ्ठा गाव आठेच पानी भरे.’ अशी अहिराणी वाक्यं ती मला फोनवर वाचून दाखवायची आणि हसायची.

तक्त्याच्या अगदी उजव्या कोपऱ्यात तिने एक आकडा बसवून घेतला होता. कुठेही रकाना रिकामा राहिला की तो आकडा वाढायचा. तिला तो शून्य लागायचा.

पहिल्यांदा मला दिसलं ते मार्चच्या शेवटी. मी सकाळी आठला ग्रंथालय उघडतो. पहिला तास फारसं कोणी येत नाही, तेव्हा मी तक्ता बघायचो. त्या दिवशी सात-आठ नोंदींमध्ये गावाचं नाव नव्हतं. बाकी सगळं व्यवस्थित होतं, चवीपासून सांगणाऱ्याच्या नावापर्यंत. मला वाटलं, दमली असेल. मुलांच्या वहीची पानं ग्रुपवर होतीच. मी त्यातून गावं बघून भरून टाकली.

खूण केली नाही, टीपही लिहिली नाही.

का, याचं उत्तर मी नंतर पुष्कळदा स्वतःला दिलं आहे आणि प्रत्येक वेळी ते थोडं वेगळं असतं. ग्रंथालयात वाचक पुस्तक भलत्या कप्प्यात ठेवून जातात, आम्ही काही न बोलता ते जागेवर नेऊन ठेवतो. पंचवीस वर्षं तेच करतोय. हे एक. दुसरं म्हणजे तो तक्ता आता चार कॉलेजांतले प्राध्यापक उघडून बघत होते. त्यांनी अक्काला पुढच्या मोठ्या कामासाठी प्रमुख करायचं मनात घेतलं होतं. तिच्या नोंदीत भोकं दिसावीत असं मला वाटत नव्हतं. पण खरं कारण या दोन्हींच्या खाली आहे. अक्काच्या नोंदीवर चुकीची खूण करायला माझा हात उठेना.

एप्रिलमध्ये विहिरीच्या नावाचा रकानाही रिकामा राहू लागला. मे महिन्यात तिसरा. मी रोज सकाळी आठ ते नऊ बसून भरायचो. कधीकधी वहीच्या ओळीचा अर्धाच भाग तिने उतरवलेला असायचा. फोटोत लिहिलेलं असे, ‘पानी गोड शे पन होळीनंतर आटी जास,’ आणि तक्त्यात आलेलं असे, ‘होळीनंतर आटी जास.’ वाक्य तेवढंही पुरं वाटायचं, म्हणून ते सहज नजरेतून सुटायचं. मी फोटो शेजारी ठेवून शब्द न शब्द ताडून पाहू लागलो. नऊ वाजता कोपऱ्यातला आकडा शून्यावर आला की मी तक्ता बंद करायचो. मला समाधान वाटायचं. ते इथे लिहून ठेवलं पाहिजे.

जूनमध्ये चौथा रकाना रिकामा आला.

गाव विसरेल, नाव विसरेल, पण हा रकाना अक्का विसरणार नाही. तो तिने भांडून घातला होता. तेव्हा मला कळलं, असं मी म्हणणार नाही. पण कळण्यासारखं होतं, आणि मी खुर्चीवरून उठून कुलर चालू करायला गेलो. परत आल्यावर मुलांच्या पानांवरून तो रकाना मी भरला. कोणाला पाणी भरू देत नसत ते तेवीस गावांपुढे माझ्या बोटांनी लिहिलं. तिच्या वाटचं.

त्याच रविवारी मी जळगावला गेलो. पारोळा, एरंडोल करत बस दुपारी पोचली. दाजी आयटीआयमध्ये वायरमनचा कोर्स करणाऱ्या मुलांना शिकवायचे, आता निवृत्त आहेत. बोलायला मोकळे. त्यांनी मला आधी फाटकाजवळ उभं केलं.

“हे बघ, तुझ्या अक्काचा पराक्रम. महिन्यात तिसऱ्यांदा स्कूटी घासली. एकाच खांबाला.”

“खांबच पुढे आलाय,” अक्का ओट्यावरून म्हणाली.

“हो ना. महापालिकेने सरकवला असेल, तुझ्यासाठी खास.”

“भाऊ, तू आत ये. त्यांना दिवसभर दुसरं काम नाही.”

जेवायला कळण्याची भाकरी होती आणि वांग्याचं भरीत. अक्काच्या ताटात भरीत डाव्या बाजूला वाढलं होतं. तिने भाकरी खाल्ली, चटणी खाल्ली, कांदा खाल्ला. भरिताला हात लावला नाही. मग म्हणाली, “आज भरीत नाही का वाढलं?”

दाजींनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. “ताटात आहे बाईसाहेब. नकोय तर नको म्हणा. आजकाल अर्धंच ताट खाते तुझी अक्का. बारीक व्हायचंय म्हणे या वयात.”

अक्काने ताट फिरवलं. भरीत उजवीकडे आलं. “अरे, आहे की,” ती म्हणाली आणि खायला लागली. आम्ही तिघंही हसलो.

निघताना ती मला सोडायला फाटकापर्यंत आली. दाजी आत होते. ती म्हणाली, “भाऊ, एक विचारू? माझ्या नोंदी बरोबर असतात ना?”

“हो,” मी म्हणालो.

“नीट बघतोस ना तू?”

“रोज बघतो, अक्का.”

“बरं,” ती म्हणाली. “चष्म्याचा नंबर बदलला असेल मग.” आणि तिने माझ्या पाठीवर थाप मारली.

जुलैमध्ये साक्रीकडच्या एका मुलीचा मला फोन आला. ती मावशीच्या पिठाच्या गिरणीत बसून तास करायची, तिथेच तिला रेंज मिळायची. मागे गिरणीची घरघर असल्यामुळे तिचा माइक कायम बंद असे. ती अगदी जपून, पुस्तकी मराठीत बोलत होती.

“सर, एक विनंती आहे. मॅडमना सांगाल का? तीन शनिवार झाले, मॅडम हजेरीत माझं नाव घेत नाहीत. मी कॅमेरा चालू ठेवते.”

“नजरचुकीने राहिलं असेल.”

“सर, आम्ही चार जणी आहोत. एकीचंही घेत नाहीत. मॅडम त्यांच्या स्क्रीनचा फोटो ग्रुपवर टाकतात, तो बघितला, आम्ही चौघी त्यात एकाच बाजूला येतो.” ती थांबली. मग तिचं पुस्तकी मराठी सुटलं. “मॅडम आमनावर नाराज शेत का, सर?”

मी म्हणालो, नाही, मी मॅडमशी बोलतो. आणि मी काय केलं? हजेरी मी घेतो म्हणून अक्काला कळवलं. ‘तुझा वेळ वाचेल,’ असं लिहिलं. तिने उत्तर दिलं, ‘बरं झालं. मला हल्ली तास संपल्यावर फार थकायला होतं.’ त्यापुढच्या प्रत्येक शनिवारी त्या चौघींची नावं मी घेतली. कोणाची तक्रार उरली नाही.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी ती नकाशा उघडून थांबली.

मी जळगावच्या हॉस्पिटलात पोचलो तेव्हा तपासण्या झाल्या होत्या. डॉक्टर तरुण होते, शांत बोलणारे. मेंदूत उजव्या बाजूला गाठ आहे, ते म्हणाले. मग त्यांनी समजावून सांगितलं: अशा माणसाच्या डोळ्यांना दिसत असतं, पण डावी बाजू त्याच्यासाठी उरत नाही. त्याचं लक्ष तिकडे जातच नाही. आपलं काही सुटतंय हे त्याला स्वतःला बहुतेक वेळा कळत नाही, शेजारच्यांना कळतं.

“हे कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“आजच, डॉक्टर,” दाजी म्हणाले. “काल चांगली जेवली, चांगली बोलली.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी दाजींसमोर काही बोललो नाही.

त्या तक्त्याला एक सोय आहे. आधीच्या कोणत्याही दिवशी तो कसा होता हे उघडून पाहता येतं, आणि कोणी काय लिहिलं तेही त्याच्या त्याच्या रंगात. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बसून मी फेब्रुवारीपासून एकेक दिवस उघडत गेलो. फेब्रुवारीत तिच्या नोंदी सगळ्या हिरव्या. मार्चच्या शेवटी डाव्या कडेला जांभळी रेघ दिसते. एप्रिलमध्ये ती रुंद होते. मेमध्ये पट्टा होतो. ऑगस्टमध्ये हिरवं कुठे संपतं आणि जांभळं कुठे सुरू होतं ते पानाच्या मधोमध आलेलं आहे. चहा देणाऱ्या बाई दोनदा येऊन गेल्या.

डॉक्टरांना एकट्यांना गाठून मी ते दाखवलं. ते उभ्या उभ्याच बघत होते, मग खाली बसले.

“इतकी नीट नोंद आमच्याकडे कधी येत नाही,” ते म्हणाले. “जांभळं कोणाचं?”

“माझं.”

त्यांनी कागदावर ‘मार्च’ असं लिहिलं.

“मार्चमध्येच आणलं असतं तर?” मी विचारलं.

“गाठ हीच असती,” ते म्हणाले. “वेळ थोडा जास्त मिळाला असता. किती, ते कोणी सांगू शकणार नाही.” वेळ थोडा जास्त, एवढं मला पुरेसं होतं.

ऑपरेशन नाशिकला झालं. त्यानंतर ती घरी आली, जळगावला. बोलणं स्वच्छ होतं, वाचायची हौस होती, फक्त पुस्तकाच्या पानाचा अर्धा भाग तिच्यासाठी नव्हता. मी रजा टाकून राहिलो. तिच्या उजव्या हाताला खुर्ची घेऊन बसायचो, कारण डावीकडे बसलो की ती मला शोधायची. मी तिला वाचून दाखवत असे. दाजी तिचे पाय चोळायचे, औषधांच्या वेळा भिंतीवर लिहून ठेवायचे, वायरिंगचा आराखडा काढावा तशा, बाण आणि चौकटी करून.

एका दुपारी दाजी औषधं आणायला गेले होते. तिने मला तक्ता उघडायला लावला. मी लॅपटॉप तिच्या उजवीकडे धरला.

“शून्य आहे,” ती म्हणाली.

मी लॅपटॉप तसाच धरून ठेवला.

“भाऊ, मला भीती वाटत होती. उन्हाळ्यापासूनच. मुलं म्हणायची, मॅडम तुम्ही अर्धंच वाचलं. खांब, ते ताट. मग मी रोज सकाळी साडेनऊला कॉलेजला निघताना हे उघडायची. म्हणायची, आपलं डोकं ठीक नसेल तर इथे कळेल. आणि रोज शून्य. म्हटलं, उगाच घाबरते मी.” ती थांबली. “तू भरत होतास.”

“हो.”

“नियम काय ठरला होता आपला?”

“खूण करायची. हात घालायचा नाही.”

“मग?”

“तुझ्या नोंदीवर खूण कशी करायची, अक्का?”

तिने उजवीकडच्या भिंतीकडे तोंड वळवलं. “एखाद्याची वही दुसऱ्याने भरून दिलेली सापडली की मी दोघांनाही उभं करायची,” ती म्हणाली. “जास्त वेळ भरून देणाऱ्याला.”

मी उठून उभा राहिलो. थट्टा म्हणून नाही. मला बसवेना.

“बस,” ती म्हणाली. मी बसलो. मग ती म्हणाली, “यांना सांगू नकोस. ते तुझ्याशी भांडतील, बोलणं टाकतील आणि मग एकटे पडतील. त्यांना दुसरं कोण आहे?”

“बरं,” मी म्हणालो. तिने सांगितलेल्या कशालाच मी आजवर नाही म्हटलेलं नव्हतं.

ती जानेवारीत गेली. घरातच, सकाळी, दाजी चहा घेऊन आत गेले तेव्हा. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तिचे विद्यार्थी आले. साक्रीकडची ती मुलगी मावशीला घेऊन आली होती. तिने मला सांगितलं की मॅडमनी शेवटी शेवटी तरी आमची नावं घ्यायला लावली, हे आम्ही विसरणार नाही. मी मान हलवली. नावं मी घेत होतो. आणि ती घेतली नसती तर कदाचित तिने मॅडमना स्वतःच फोन केला असता. हे तिला कशाला सांगायचं? हे सगळं त्या मुलीला जुलैमध्येच दिसलं होतं. तिने ते मला फोन करून सांगितलंही होतं.

दाजी दर रविवारी फोन करतात. सुरुवातीला ते तिच्याबद्दलच बोलायचे. “मला खांब दिसत होता रे. तीनदा घासला, मी तीनदा थट्टा केली. मी तिला डॉक्टरकडे नेलं असतं तर? घरात मी होतो. तू बिचारा धुळ्यात, तुला काय कळणार?” मी ऐकून घेतो. मी म्हणायचं असतं, तुमचं काही चुकलं नाही. ते मी म्हणतोही. पण ते माझ्या तोंडून ऐकताना त्यांना बरं वाटतं, तेव्हा मला फोन कानाला धरवत नाही.

एप्रिलपासून फोनवर नवं सुरू झालं आहे. दाजी तक्ता शिकताहेत. कॉलेजच्या एका विद्यार्थ्याने त्यांना तो उघडून दिला. ते रोज सकाळी तिच्या नोंदी वाचतात, दिवसाला दहा, आणि रविवारी मला सांगतात. “तिने चौथा रकाना काय भरलाय रे. एक गाव सोडलं नाही. एकापाठोपाठ तेवीस गावं. आणि ते आजारी असताना. केवढी जिद्द.” मी हूं म्हणतो.

गेल्या रविवारी त्यांनी विचारलं, “यात म्हणे आधीचंही बघता येतं? कोणत्या दिवशी काय लिहिलं ते? तो पोरगा सांगत होता. मला तिचा रोजचा दिवस बघायचाय. कसं करायचं?”

मी म्हणालो, समोर बसून दाखवावं लागेल, मी आलो की दाखवतो. ते म्हणाले, लवकर ये.

अक्काने मला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. खूण करायची, आणि यांना सांगायचं नाही. पहिली मी पाळली नाही. दुसरी पाळतो आहे, आणि पाळताना मला रोज सकाळच्या त्या आठ ते नऊची आठवण येते. दोन्हींमध्ये मी करतो ते एकच. जे दिसतं ते दुसऱ्याला दिसू नये अशा तऱ्हेने नीटनेटकं करून ठेवतो. म्हणून हे लिहायला घेतलं. तोंडाने सांगायला गेलो तर मी पुन्हा काहीतरी भरून काढीन. ही पानं आधी त्यांच्या हातात द्यायची आणि मग तक्ता उघडायचा, असं मी ठरवलं आहे. भांडले तर भांडतील.

शनिवारचा तास आता मी घेतो. बत्तीस मुलं उरली आहेत. तक्ता आहे तसाच आहे. वरचं लिहून दोन आठवडे झाले, ही पानं माझ्या टेबलावरच आहेत, आणि दाजींना अजून काही माहीत नाही.